प्रश्नचिन्ह असलेल्या फाइली

बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की जीव वाचेल पण आवाज राहणार नाही. बाबांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शेजारच्या सीटवर बसून बोलत राहणं हाच त्यांचा धंदा. लिहून भागवता आलं असतं, पण आईची नजर गेलेली. तिच्यापुढे पाटी धरून काय उपयोग?

म्हणून ऑपरेशनआधी बाबांनी आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली. एका वाक्याची एक फाइल, आणि फाइलचं नाव म्हणजे तेच वाक्य, अगदी विरामचिन्हांसकट. कॉम्प्युटर इतका म्हातारा की विंडोज त्याला पेलत नव्हतं. म्हणून थोरल्या मुलीने, ताईने, त्यावर विंडोजच्या जागी चालणारं, हलकं लिनक्स टाकून दिलं होतं.

हॉस्पिटलने दिलेला प्रोग्राम साधा होता. पडद्यावर फाइलींची नावं दिसायची, नावाला बोट लावलं की ते वाक्य वाजायचं. पण तो लिनक्सवर काही केल्या बसेना. त्याची खिडकी उघडायची आणि लगेच मिटायची. शेवटी धाकट्या मुलाने आपला विंडोजचा, टचस्क्रीनवाला लॅपटॉप बाबांना देऊन टाकला. आता फाइली तिकडे न्यायच्या होत्या. पेन ड्राइव्हवर कॉपी करायला जावं तर मधेच एरर येई. ताईने मग बाबांचं फोल्डर घरातल्या नेटवर्कवर शेअर केलं. लॅपटॉप पासवर्डच घेईना. शेअरिंगला वेगळा पासवर्ड ठरवावा लागतो, हे कळेपर्यंत तिची चष्म्याच्या दुकानात कामाला जायची वेळ झाली.

"फोल्डर उघडलंय," ती धाकट्याला म्हणाली. "कॉपी तेवढी कर. बाकी कशाला हात लावू नकोस."

धाकट्याने फोल्डर पाहिलं. बाबांच्या वाक्यांच्या मधेमधे काही फाइलींना भलतीच नावं होती: दोन-चार इंग्रजी अक्षरं, एक नागमोडी रेघ, पुन्हा अक्षरं. त्याच्या ऑफिसात नुकताच व्हायरसने धुमाकूळ घातला होता. तो घाबरला. एखादी फाइल आधी वाजवून बघावी हे काही त्याला सुचलं नाही. ती सगळी घाण त्याने एकदम निवडली आणि उडवली. कायमचं जाईल, चालेल का, असं लॅपटॉपने विचारलं. त्याने हो म्हटलं आणि उरलेल्या फाइली कॉपी केल्या.

ऑपरेशन होऊन बाबा घरी आले. लॅपटॉपमधून त्यांचा आवाज आला, "मी आलोय गं," आणि आईने दाराची चौकट धरली. सगळ्यांना वाटलं, जमलं.

थोड्या दिवसांनी आई ताईला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "तुझे बाबा माझ्यावर चिडलेत का?"

"असं का वाटतं तुला?"

"नुसतं सांगत असतात. पाणी दे, मी झोपतो, दार लाव. मला काही विचारत नाहीत. गोळी घेतलीस का, कुठे आहेस, दुखतंय का... काही नाही."

ताई बाहेर आली. बाबा लॅपटॉपवर बोट वरखाली सरकवत होते, काहीतरी शोधत. तिला पाहून त्यांनी पाटीवर लिहिलं, 'प्रश्न कुठे गेले?'

तिच्या लक्षात आलं. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह लिनक्सला चालतं, विंडोजला मुळीच चालत नाही. म्हणून तर पेन ड्राइव्ह अडत होता, आणि म्हणूनच त्या फाइली लॅपटॉपला वेड्यावाकड्या नावांनी दिसल्या असणार. तिने धाकट्याला फोन लावला.

"विचित्र नावाच्या फाइली होत्या का?"

"होत्या. कचरा होता तो. उडवला मी."

"कुठून? लॅपटॉपवरून का बाबांच्या शेअर केलेल्या फोल्डरमधून?"

"फोल्डरमधून," तो म्हणाला.

म्हणजे मूळ फाइलीच गेल्या होत्या. पुसलेल्या फाइलीचा मजकूर डिस्कवर काही काळ पडून राहतो, वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. ताईने जुना कॉम्प्युटर तसाच बंद केला. पण त्यावर मधे एकदा अपडेट होऊन गेलं होतं. किती राहिलं असेल, देव जाणे.

धाकटा ऑफिस सोडून आला. बाबांसमोर उभा राहिला. बाबांनी पाटी उचलली आणि काही न लिहिताच खाली ठेवली.

ताईने डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली आणि फाइली परत मिळवणारा प्रोग्राम लावला. सापडलं ते बिननावाचं. कानाला हेडफोन लावून धाकटा एकेक ऐकत बसला आणि प्रश्नचिन्ह गाळून नावं देत गेला. 'जेवलीस का' धड होतं. 'कुठे आहेस'मध्ये मधेच खरखर होती. 'दुखतंय का'चं नुसतं 'दुखतं' उरलं होतं. बरेचसे प्रश्न मिळालेच नाहीत.

"आईला मी सांगतो," तो म्हणाला, आणि आत गेला.

आईने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे ते चिडले नव्हते," एवढंच म्हणाली. त्याला जवळ घेतलं नाही, रागावलीही नाही.

संध्याकाळी बाबांनी खरखरणाऱ्या प्रश्नाला बोट लावलं. आईने मान वळवली. आवाज तिला नीट ओळखू आला नसावा. बाबांनी पुन्हा बोट लावलं.

"इथेच आहे," ती म्हणाली, आणि भिंतीला हात लावत त्यांच्याकडे यायला निघाली. धाकटा अजून हेडफोन लावून बसला होता, अर्धवट तुटलेली एक फाइल पुन्हा पुन्हा ऐकत. त्यात बाबा काय विचारत होते, ते त्याला काही केल्या कळत नव्हतं.