बाहेरचं रक्त

वाळूच्या रांजणातलं शेवटचं अंडं थोआनं बांबूच्या काडीनं फोडलं. आतलं नागाचं पिल्लू मेलेलं होतं. कणा दोन ठिकाणी मुरडलेला.

"बाविसांतली नऊच जगली," ती म्हणाली. "त्यातल्या दोघांना डोळेच नाहीत."

गुरांच्या दवाखान्यातली डॉक्टर हान शेजारी उकिडवी बसली होती. "मावशी, नर कुठला?"

"घरचा."

"आणि मादी?"

"तीही घरचीच. बाबांनी बंधाऱ्यावर एक जोडी धरली होती, तिचाच हा सगळा वंश. चाळीस वर्षांत बाहेरचा एक साप आत आला नाही."

"मग दुखणं तेच आहे. बहीण-भाऊ, बाप-लेक, सगळी आपसातच जुळवलीत. रक्तातला दोष एरवी झाकलेला राहतो. दोन्हीकडून तोच आला की उघडा पडतो. बाहेरचा नर आणा, नाहीतर चार-पाच वर्षांत सापांचे कप्पे ओस पडतील."

थोआनं रांजणावर झाकण ठेवलं. या सापांपायी तिनं लग्न केलं नव्हतं. उजव्या हाताची करंगळी दंशात गेली होती. लांबलांबून लोक पाळायला पिल्लं न्यायला येत, ते बाबांच्या नावावर. गावात मांसासाठी आणि औषधासाठी घरोघरी पाळलेले बहुतेक नागही तिच्याच घरून गेलेले. वेगळ्या रक्ताचे होते फक्त ख्वे म्हाताऱ्याकडे, आणि बाबांनी त्याला जन्मभर सापचोर म्हटलं होतं.

दुपारी भात तसाच झाकून ठेवून ती ख्वेच्या अंगणात गेली. तो कप्प्यांत बेडूक टाकत होता.

"वाट चुकलीस की काय गं?"

"एक नर हवाय, काका."

"माझा? तुझा बाप चारचौघांत ओरडायचा, ख्वेचे साप चोरीचे म्हणून."

"ओरडायचे."

"मग?"

"मग चोरीचाच एक द्या."

म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "चोरीचे नव्हते गं. डोंगरातल्या माणसांकडून विकत आणले होते."

"ठाऊक आहे. बाबांनाही ठाऊक होतं."

ख्वेनं बेडकांची टोपली खाली ठेवली. मग आकडी घेऊन त्यानं एक तरणा, काळाभोर नर उचलला आणि तिच्या जाळीच्या पिशवीत सोडला.

"पैसे नकोत. आत्ता म्हणालीस ना, तेवढं एकदा लोकांसमोर म्हण."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंधाऱ्यावरच्या चहावालीकडे सगळा गाव जमला होता. थोआ उभी राहिली आणि म्हणाली, "ख्वेकाकांचे साप चोरीचे नव्हते. बाबा खोटं बोलले." तिनं चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि घरी आली.

पुढच्या हंगामात एकवीस अंड्यांतली एकोणीस फुटली. सगळ्यांचे कणे सरळ, डोळे शाबूत. नेहमीचं गिऱ्हाईक टोपलीवर वाकून खूश झालं.

"वा! तुमच्या बाबांचाच वंश ना हा?"

"निम्मा," थोआ म्हणाली आणि टोपलीचं झाकण नीट बांधू लागली.