पियानोचा भाता

व्हिएन्नाला चार वर्षं पियानो शिकून काशिनाथ कट्टा या आपल्या गावी परतला, तेव्हा त्याच्या वडिलांनी, दाजींनी, एकच प्रश्न विचारला.

"कोणाक हरवलंस?"

दाजी डबलबारीचे भक्त. दोन भजनीबुवा समोरासमोर बसणार, आळीपाळीने गाणार, गाण्यातूनच एकमेकांना टोमणे मारणार आणि शेवटी एकाची जिरणार. एकटा माणूस वाजवतो, लोक गुपचूप ऐकतात आणि घरी जातात, हे त्यांना एखाद्या आजाराचं वर्णन वाटे.

"बाबा, त्यात कोणी हरत नाही."

"मगे लोक टाळ्यो कित्याक वाजवतत?"

याचं उत्तर काशिनाथला व्हिएन्नातही कोणी दिलं नव्हतं.

शेवटी सौदा ठरला. गावात एक कार्यक्रम करायचा. गावाने मान दिला तर दाजी पियानोला आडवे येणार नाहीत. नाही दिला तर सहकारी बँकेत, मामाच्या शेजारचं टेबल. टेबल चांगलं होतं. मामाचं तसं म्हणता येत नव्हतं.

म्हापशाच्या एका जमीनदार भाटकाराचा जुना पियानो बांगड्याच्या ट्रकातून देवळाच्या मांडवात आला. वासाने बांगडा, सुराने बरा. काशिनाथ काळा सूट घालून मांडवात शिरला, तर समोरच्या जाजमावर बाबली बुवा पेटी, पखवाज आणि कोरस घेऊन बसलेले.

"समोरची बारी नको काय?" दाजी म्हणाले.

सोनाटाचा पहिला भाग संपला. दुसरा धरण्याआधी काशिनाथने हात मांडीवर ठेवले. याची बारी संपली, असं समजून बुवांनी पेटीवर सूर धरला आणि तालात सवाल टाकला:

"पेटी हाडलंस घराएवढी, दोनय हात वर नाचतत, मगे भातो कोण मारता रे, तुझो मामा?"

मांडव हसून लोळला. मामा पहिल्याच रांगेत होता.

काशिनाथचं डोकं सणकलं. संथ दुसरा भाग सोडून त्याने थेट वेगाचा तिसरा भाग धरला आणि पेडलवर पाय असा हाणला की मथुराआत्या किंचाळली, "अगो बाय! पायान भातो मारता ह्यो!"

अख्खा मांडव वाकून त्याचा पाय बघू लागला. बोटांनी त्या दिवशी जे केलं, ते व्हिएन्नातही जमलं नव्हतं. ते कोणी पाहिलं नाही.

बाबली बुवांनी हात जोडले. "नाटकवाल्यांच्या पायपेटीक दोन पाय लागतत. ह्यो एका पायान भागयता, तोय मधे मधे. मी हरलंय."

पियानोला भाताच नसतो, हे सांगायला काशिनाथ उठला. दाजींनी कोट धरून त्याला खाली बसवलं. त्यांचे डोळे भरले होते.

"गप रव. जिंकलंस तू."

काशिनाथने मामाकडे पाहिलं. मग तो गप्प राहिला.

सकाळी दाजी कुडाळच्या बारीची सुपारी घेऊनच घरी आले.

"सूट नको हां. धोतर नेस," ते म्हणाले. "पाय दिसाक व्हयो."

काशिनाथने धोतर इस्त्रीला टाकलं.