हात न धुता या

सत्यजलवाले महाराज आले त्या दुपारी कपडे धुण्याच्या कारखान्याच्या आवारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पत्र्यावर माणसं, भिंतीवर माणसं, मालकाच्या गाडीच्या टपावरसुद्धा दोघं चढलेले. एरवी गाडीला बोट लागलं तरी खेकसणारा मालक त्या दिवशी हात जोडून उभा होता. मध्ये टेबल, त्यावर पांढरी चादर, चादरीवर काचेचं मोठं भांडं. भांड्यात पाणी. आपल्या नळाला येतं तसंच, जरासं गढूळ.

"पाणी बघताय?" महाराज गरजले. "हे पाणी नाही, बाळांनो, हा आरसा आहे! ज्याच्या हातून पाप घडलं, त्याचा हात लागला की हे लाजेनं लाल होईल! पोलिसाला लाच देता येते, साक्षीदार फोडता येतो, माझ्या पाण्याला फोडून दाखवा!"

टाळ्या कडाडल्या. मी वाजवल्या नाहीत. मी बसमध्ये कंडक्टर आहे. दिवसभर माणसं मला शपथेवर सांगतात, की तिकीट आत्ता खिशात होतं आणि कुठे गेलं कळत नाही. त्यातले खरं बोलणारे घामाघूम होतात, खोटं बोलणारे खुशाल हसतात. चेहऱ्यावरून चोर ओळखता येत नाही, एवढं मला या नोकरीनं शिकवलंय. पाण्याला ते जमत असेल तर त्यालाच कंडक्टर करा, असं मी शेजारच्या बाईला म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच विनातिकीट बसले होते.

पण तमाशा म्हणून सोडून द्यावा असा तो प्रसंग नव्हता. काही दिवसांपूर्वी कारखान्याच्या कपड्यांच्या कोठारात भरदुपारी आग लागली होती. रात्रपाळी करणारे पहारेकरी आजोबा दुपारी तिथेच चादरींच्या गठ्ठ्यांवर झोपायचे. ते आतच गेले. मागचं दार बाहेरून कुलूपबंद होतं. आजोबांना सगळ्या वस्तीनं आपलं मानलेलं, त्यामुळे सगळ्यांना एक गुन्हेगार हवा होता, आणि लवकर हवा होता. मलाही हवा होता. आजोबा माझ्या बसनं यायचे आणि रोज मला "पोरी, जेवलीस का?" असं विचारायचे.

कामगारांची रांग लागली. महाराजांची अट एकच. "हात न धुता या! कामावरून थेट या! हात धुवाल तर पाप धुवून जाईल आणि पाणी फसेल!"

"पाप इतकं स्वस्तात धुवून निघतं?" मी म्हटलं. या वेळी शेजारीण चार पावलं लांब सरकली.

इस्त्रीवाल्या बायका झाल्या, घड्या घालणाऱ्या झाल्या, गाडीवर गठ्ठे टाकणारे झाले. पाणी जसंच्या तसं. शेवटी माझा धाकटा भाऊ आला. त्याला कारखान्यात सगळे सावकाशराव म्हणतात, कारण हातातलं काम पुरं केल्याशिवाय तो जेवायलाही उठत नाही. आजही सोड्याच्या हौदातली चादर पिळून, दोरीवर टाकून मगच तो आला. कपाळावर घाम, बाह्या कोपरापर्यंत वर. माझ्याकडे पाहून हसला आणि त्यानं पाण्यात हात घातला.

पाणी गुलाबी झालं. आधी बोटांभोवती, मग भांडंभर.

मग जो गलका उठला, त्यात मी ओरडत होते हे मलाच ऐकू येईना. भाऊ मात्र ओरडला नाही. तो भांड्यातल्या हातांकडे बघत राहिला, दुसऱ्या कोणाचे तरी असावेत तसा. पहिला दगड त्याच्या खांद्याला लागला तेव्हा बंदोबस्ताला आलेल्या फौजदारांनी त्याला जीपमध्ये कोंबलं. संध्याकाळपर्यंत त्याचा जबाब तयार होता: पेटती काडी मीच टाकली. खाली सही.

माझा भाऊ आयुष्यात विडी ओढलेला नाही. त्याच्या खिशात काड्यांची पेटी कशाला असेल?

तुरुंगात भेटायला गेले तेव्हा जाळीच्या पलीकडे तो मान खाली घालून बसला होता.

"सही का केलीस?"

"ताई, पाणी लाल झालं ना."

"म्हणून?"

"म्हणजे माझ्या हातून काहीतरी झालंच असणार. मला आठवत नाही, एवढंच. फौजदार म्हणाले, आठवत नसलं तर आम्ही आठवून देतो."

"मारलं का तुला?"

"थोडं. पण त्यासाठी नाही केली सही. आजोबा गेले गं, ताई. कोणीतरी केलंच ना ते? मग मीच असेन."

मी जाळीला बोटं घट्ट धरून उभी होते. भाऊ निर्दोष आहे हे अख्ख्या गावाला पटवायला माझी तयारी होती, पण ते त्यालाच पटवावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. घरी आले तर आई अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. "महाराज कशाला खोटं बोलतील?" ती म्हणाली. "त्यांचं आपण काय वाईट केलंय?" त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

वकील मिळेना. वकिलांच्या संघटनेनं ठरावच केला होता, की आजोबांच्या मारेकऱ्याचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही. एकानं मला दारातच सांगितलं, "बाई, गुन्हा कबूल आहे, पुरावा लोकांसमोर झालाय, मी उभा राहून काय करू?" दुसरा म्हणाला, "असल्या माणसाला वाचवलं तर मला झोप लागणार नाही." सरकारनं नेमून दिलेल्या वकिलानं फाईल उघडलीसुद्धा नाही. कबूल करून मोकळे व्हा, शिक्षा जरा कमी होईल, असं त्यानं खिडकीबाहेर बघत सांगितलं. मी ड्युटी संपली की गणवेशातच दारं ठोठावत फिरायची. पाय भरून यायचे. जिन्यात बसून मी किती वेळा रडले ते कोणाला सांगितलं नाही.

शेवटी पोहोचले ती झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत. वकीलबाई म्हाताऱ्या, सदा सर्दी झालेल्या, रुमालात शिंकत डबा खात बसलेल्या. मी सांगायला लागले. पाणी गुलाबी झालं म्हटल्यावर त्यांचा घास हातातच राहिला.

"भाऊ कामाला कुठे?"

"सोड्याच्या हौदावर. आग लागल्यापासून एकटाच. हातमोजे फाटलेत, मालक नवे देत नाही."

"आणि महाराजांनी हात धुऊ दिले नाहीत?"

"नाही."

बाई शिंकल्या, मग हसल्या. "लाच घेणाऱ्या कारकुनांचे खटले मी चालवलेत. कुणी निर्दोष होते, कुणी चक्क खाल्लेले. त्यांच्या बाजूनं उभी राहते म्हणून लोक मला अजून शिव्या घालतात. पोलीस काय करतात माहीत आहे? नोटांना एक पांढरी पूड लावतात. नोट घेणाऱ्याचे हात मग सोड्याच्या पाण्यात बुडवतात, पाणी गुलाबी होतं. पूड आणि सोडा भेटले की रंग येणारच. तुझ्या महाराजांनी फक्त उलटं केलंय. पूड पाण्यात, आणि सोडा तुझ्या भावाच्या हाताला."

"मग हे सगळ्यांना सांगू या ना! आत्ता!"

"बाजारात सांगशील तर दगड खाशील. हे अशा जागी सांगायचं, जिथे समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं." त्यांनी वकीलपत्राचा कागद पुढे ओढला. "आणि तुझा भाऊ मधेच 'मीच केलं' म्हणाला, तर मीही काही करू शकणार नाही. हे लक्षात ठेव."

कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज आपलं भांडं घेऊनच आले होते, आणि सरकारी वकिलांना ते पुरावा म्हणून दाखवायचंच होतं. वकीलबाईंनी हरकत घेतली नाही, तेव्हा सरकारी वकीलसुद्धा चपापले. पिंजऱ्यात भाऊ उभा. तो इतका वाळला होता, की शर्ट कोणाचा तरी मागून आणल्यासारखा वाटत होता.

"महाराज," वकीलबाई म्हणाल्या, "निष्पाप हातानं हे पाणी रंगतं?"

"त्रिकाळात नाही!"

"कधी चुकलंय?"

"माणूस चुकतो, माते. पाणी चुकत नाही."

"मग मी हात घालते." आणि महाराज "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी दोन्ही हात भांड्यात बुडवले.

पाणी गुलाबी झालं. भावाच्या वेळी झालं होतं त्याहून गडद.

लोक उठून उभे राहिले. वकीलबाई ओले हात वर धरून न्यायाधीशांकडे वळल्या. "साहेब, आग मी लावली. मला अटक करा. अडचण एकच आहे. आग लागली त्या दुपारी मी याच कोर्टात, आपल्यासमोर उभी होते, आणि आपण मला 'फार लांबण लावता' म्हणून झापत होता."

न्यायाधीशांनी मान डोलावली. त्यांना आठवत होतं.

"आज सकाळी मी हा डगला धुण्याच्या सोड्यानं धुतला. हात धुतले नाहीत. महाराजांची आज्ञाच आहे तशी." मग त्यांनी डब्यातून अर्धं लिंबू काढलं आणि भांड्यात पिळलं. रंग विरत गेला आणि पाणी पुन्हा होतं तसं झालं. "बघा, अर्ध्या लिंबात सुटले. आरोपीला कोणी लिंबू दिलं नाही."

कोणीतरी खुदकन हसलं. महाराज म्हणाले, "इथे श्रद्धेचं वातावरण नाही, त्यामुळे पाणी बिथरलं."

"आत्ताच तर ते चुकत नव्हतं," न्यायाधीश म्हणाले.

मग फौजदारांची पाळी आली. लाचेचे सापळे किती लावलेत, हे पाणी कधी पाहिलंय का, असं बाईंनी विचारलं. फौजदारांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "पाहिलंय. पण... लोक म्हणत होते, महाराज म्हणत होते. तेव्हा डोक्यात आलं नाही."

शेवटी मालक.

"कोठाराच्या मागच्या दाराला कुलूप कोण लावतं?"

"मीच. कामगार बाहेर सटकतात."

"आग लागली तेव्हा किल्ली कुठे होती?"

मालकानं पाणी मागितलं. साधं पाणी. "माझ्या खिशात."

"आणि तुम्ही?"

"घरी. जेवायला."

"कोठारातली वायर ठिणग्या टाकते, अशी तक्रार कामगारांनी तुमच्याकडे केली होती?"

मालकानं सरकारी वकिलांकडे पाहिलं.

"हे प्रश्न तुम्हाला याआधी कोणी विचारले?"

"नाही. पाण्यानं सांगितलंच होतं ना, कोणी केलं ते."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. मग भावाकडे वळून विचारलं, "जबाबावर तुझी सही आहे. तू आग लावलीस?"

तो खाली बघत होता. आता "मीच असेन" म्हणतोय की काय, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला. त्यानं हात उलटे केले, सुलटे केले. सोड्यानं सालपटं निघालेले ते हात. मग मान वर केली.

"नाही," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं. "नाही, साहेब. मी कपडे धूत होतो."

मी बाकावर डोकं टेकून हमसाहमशी रडले. तो सुटला. मालकाची चौकशी सुरू झाली.

आता तुम्हाला वाटेल, सगळं गोड झालं. नाही झालं. भावाला कोणी कामावर घेत नाही. शेजारी अजून म्हणतात की वकीलबाईंनी चलाखी केली, महाराजांचा तो दिवसच खराब होता. महाराज दुसऱ्या गावी गेलेत आणि तिथेही रांगा लागतात, असं ऐकते. आई भावाला जेवायला वाढते, पण त्याच्या हातांकडे बघत नाही.

बसमध्ये परवा एक सद्गृहस्थ मोठ्यानं म्हणत होते, की गुन्हेगाराला वकील द्यायचाच कशाला, सरळ आत टाका. मी त्यांचं तिकीट फाडता फाडता विचारलं, "तो गुन्हेगार आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?" ते म्हणाले, "सगळेच सांगतात."

सगळेच सांगतात, तेव्हाच वकील लागतो. तुम्ही ज्याला चमत्कार म्हणता, तो असतो प्रश्न बंद करायचा एक मार्ग. गर्दीचा आरडाओरडा, मारून घेतलेली सही, पेपरातला फोटो, हे त्याचेच भाऊबंद. त्यांच्यासमोर एक माणूस असा हवा, ज्याला पगार, प्रतिष्ठा किंवा झोप जाईल म्हणून प्रश्न विचारायचं थांबता येत नाही. निर्दोषाला तर तो जास्तच हवा, कारण निर्दोष माणसाला वाटतं की आपलं खरं आहे म्हणजे ते आपोआप दिसेल. माझ्या भावाला तसंच वाटलं होतं, म्हणून तो हसत हसत पाण्यात हात घालायला गेला.

उद्या तुमच्या गल्लीत कोणी भांडं मांडलं, तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा, की पाण्यात काय घातलंय. आणि कोणाच्या दारात एखादी बहीण वकील शोधत आली, तर दार लावून घेऊ नका.