भागीरथाच्या हातातला ओळंबा

मित्रांनो, मी पितळेचा ओळंबा आहे. म्हातारा झालो, तरी दोरीला टांगलं की अजून सरळच लोंबतो. गवंडी भिंत रचताना मला वरून सोडतात आणि भिंत कुठे झुकली ते मी सांगतो. गोड बोलणं मला जमत नाही. त्यामुळे मी हातातून पुष्कळदा फेकला गेलो आहे. पहिल्या फेकीपासून सांगतो.

वर्ध्याच्या एका ओतार्‍यानं मला घडवलं आणि महादेवराव मिस्त्रींनी विकत घेतलं. त्यांचा हात सोन्याचा, जीभ मात्र विस्तवाची. त्या काळी बांधकामावरच्या बायांना रेजा म्हणत. त्यांनी गारा कालवायचा, विटा वाहायच्या. थापीला आणि ओळंब्याला हात लावायचा नाही. बाईचा हात लागला की ओळंबा खोटं बोलतो, असं गवंडी मानत. खोटं कोण बोलतं ते मला चांगलं ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण?

चौपन्न साली बोरगावला एका घराचं काम चाललं होतं. मी परांचीवरून गाऱ्यात पडलो. भागीरथा नावाच्या रेजानं मला उचललं, पदरानं पुसलं आणि सहज भिंतीशी टांगून पाहिलं.

"मिस्त्रीबाबा, हा कोना एक सूत बाहेर हाय जी," ती म्हणाली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

मिस्त्री खाली उतरले. त्यांनी मला हिसकावलं आणि तिच्या कपाळावर फेकून मारलं. हाडावर आपटल्याचा तो आवाज मी विसरलेलो नाही. तिथून मी दगडावर पडलो आणि माझं टोक चेपलं. तिचं रक्त भुवईवरून गळ्यापर्यंत उतरलं. तिनं लुगड्याची चिंधी फाडून कपाळ बांधलं आणि टोपलं पुन्हा डोक्यावर घेतलं. मला मिस्त्रींनी गोमूत्रानं धुतलं. तो कोना मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं सोडवून पुन्हा बांधला.

भागीरथानं मग स्वतःचा ओळंबा केला: सुतळीला बांधलेला एक गोटा. बाकीचे भाकरी खात असताना ती भिंती तपासत फिरे. कुठल्या कामाला किती माणसं, किती विटा, चुना केव्हा भिजत घालायचा, सगळं तिला तोंडपाठ झालं. इकडे मिस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सांगायची सोय नव्हती. आंधळ्या गवंड्याला कोण काम देणार? ते मला भिंतीवरून सोडत आणि पुटपुटत, "का व भागीरथे?" वीट देता देता ती हळूच सांगे, "अर्धं सूत आत घ्या." दोन वर्षं भिंती तिच्या डोळ्यांनी चढल्या आणि नाव मिस्त्रींचं झालं. मला त्याचा फार राग येई.

तिला मुकादम व्हायचं होतं. सोबतीण जिजाबाईला तिनं तसं सांगितलं, तर जिजाबाई हसता हसता खाली बसली.

छप्पन्नच्या दसऱ्याला मिस्त्रींनी मला हळदकुंकू वाहिलं, तेव्हा भागीरथा नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला गेली होती. परत आली ती मान वर करून. तेव्हापासून तिनं हळूच सांगणं सोडलं.

पुढच्या मे महिन्यात हिंगणघाटला कापसाचं गोदाम बांधायला घेतलं. ठेकेदार होता रूपराव. उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी लागते, पहार ठणठण वाजते. रूपरावानं तिलाच खडक मानलं. खाली मुरूम लागेपर्यंत खणायचं असतं, ते त्यानं खणलंच नाही. शिवाय विटा भिजवायचं टाकं भिंतीला चिकटून बांधलं. टाकं पाझरलं, माती फुगली आणि भिंत कलू लागली.

भागीरथानं सगळ्यांदेखत सांगितलं, "भिंत दोन बोटं बाहेर गेली जी. मानसं उतरवा."

रूपरावानं पायातली चप्पल काढली आणि तिच्या तोंडावर हाणली. "मिस्त्री, तुमी सांगा. भिंत कशी हाय?"

महादेवरावांनी मला सोडलं. मी दोन बोटं दूर लोंबत होतो. त्यांना मी दिसत नव्हतो, आणि ते कबूल करायची त्यांना लाज वाटली.

"सरळ हाय," ते म्हणाले.

मग रूपरावानं बांबू उचलला. भागीरथाच्या पाठीवर, मांड्यांवर, अडवायला धरलेल्या हातावर तो पडत राहिला आणि शंभर माणसं पाहत राहिली. तिला फरफटत कुंपणाबाहेर टाकलं. ती तिथंच बसून ओरडत राहिली, "बाया उतरवा!"

तिसऱ्या प्रहरी भिंत खाली आली. मी मिस्त्रींच्या हातातून उडालो. धूळ बसली तेव्हा मिस्त्री आणि जिजाबाई विटांखाली होते. मजुरांनी रूपरावाला गाठलं. फावड्यांच्या दांड्यांनी त्याचा खांदा मोडला. जिजाबाईचा नवरा कवडू याला मी सापडलो. माझी दोरी मुठीला गुंडाळून त्यानं मला रूपरावाच्या डोक्यात हाणलं. कातडी फाटली. दुसऱ्यांदा मी वर गेलो, तो भागीरथानं सुजलेल्या हातानं कवडूचं मनगट धरलं.

"कवडूभाऊ, ह्यानं मारू नोको. हा आता आपल्याले लागते. जिजा खाली हाय."

तिनं रक्तासकट मला उरलेल्या भिंतीशी टांगलं. मी सांगितलं ते तिनं वाचलं. "इकून कोनी जाऊ नका, हे भिंत बी येते. दहा जन तिकून. बायांची रांग लावा, वीट हातोहात." माणसं तिच्या शब्दावर हलली. थोड्याच वेळात ती भिंतही कोसळली, मोकळ्या जमिनीवर. जिजाबाई जिवंत निघाली. तिचा एक हात कायमचा निकामी झाला.

मिस्त्री शेवटी सापडले. छाती चेपली होती. "किती होती व?" त्यांनी विचारलं.

"दोन बोटं, बाबा."

"मले दिसत नाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दोन वर्सं झाले. हे भागीरथाच पाहे." मग त्यांनी डोळे मिटले.

रूपराव काम सोडून गेला, नवा ठेकेदार आला. त्यानं विचारलं, "मुकादम कोन हाय?" झोळीत हात अडकवलेली जिजाबाई पुढे झाली. "हे काय उभी हाय तुमच्यासमोर." या वेळी ती हसली नाही. भागीरथानं पहिला हुकूम दिला: मुरूम लागेस्तोर खणा.

माझं चेपलेलं टोक तिनं दगडावर घासून नीट केलं. मी थोडा बुटका झालो, पण खरा राहिलो. मित्रांनो, मी रागावलेल्या माणसाच्या हातात दगडच असतो, म्हणून मला फेकू नका. कधी गाऱ्यात पडलेला दिसलो तर पुसून टांगा. आणि मी काय म्हणतो ते कुणी वाचून दाखवलं, तर आधी भिंतीकडे बघा, मग वाचणारीच्या तोंडाकडे.