परसातला गडी

परशुरामने नवलकोलाचं रोप खड्ड्यात उभं धरलं आणि अंगठ्याने भोवतालची माती दाबली.

“एवढं दाबू नको, गुणा. मूळ गुदमरतंय त्येचं,” सावित्री म्हणाली. विहिरीच्या कट्ट्यावर बसून ती वालाच्या शेंगा सोलत होती.

“व्हय, वैनी.”

त्याने अंगठा सैल केला. रुळाखाली खडी ठासण्यात त्या हाताची छत्तीस वर्षं गेली होती. हलकं धरणं तो या हिवाळ्यातच शिकत होता.

गुणा म्हणजे पलीकडच्या वाडीवरचा गडी. परशुराम कॅसलरॉकला रेल्वेत गँगमन होता तेव्हा परस खणायला, कुंपण बांधायला गुणा यायचा. त्याला वारून बारा वर्षं झाली होती. पण दिवाळीनंतरच्या एका सकाळी सावित्री मागच्या दारात आली, वाफ्यात वाकलेल्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, “आलास, गुणा? बरं झालं बाबा.” त्याआधी महिनाभर ती त्याला ओळखतच नव्हती. ‘अगं, मी’ म्हणून तो समजवायला गेला की भिंतीला पाठ लावून उभी राहायची. योगेशने, त्यांच्या मुलाने, बेळगावच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. विसरलेलं परत येईल असं ते म्हणाले नव्हते. त्यामुळे गुणा म्हणून का होईना, तिने हाक मारली याचंच परशुरामला बरं वाटलं. त्याने ओ दिली.

संध्याकाळ मात्र अवघड जायची. गाडीची शिट्टी ऐकू आली की सावित्री पुढच्या दारात जाऊन उभी राही आणि मालक अजून कसे आले नाहीत म्हणून रडकुंडीला येई. एकदा काहीच सुचेना तेव्हा परशुरामने विहिरीवर पाय धुतले, कामावरचा जुना खाकी शर्ट चढवला आणि घराला वळसा घालून पुढच्या फाटकातून आत आला.

“आलासा?” ती म्हणाली आणि पाण्याचा लोटा आणायला वळली.

तेव्हापासून तो दिवसा परसात गुणा होता आणि गाडीनंतर घरचा मालक. शर्ट लाकडांच्या खोपीत खिळ्याला टांगलेला असे.

यंदा थंडी अशी पडलीच नाही. पहाटे धुकं उतरायचं आणि आठ वाजेतो विरून जायचं. मुळा, लाल माठ, वांगी सगळंच जोरात आलं होतं. कोंबड्यांनी अंडी घालणं थांबवलं नव्हतं. परशुरामला या कामातलं काही येत नव्हतं. सावित्रीला आज काय वार आहे ते सांगता येत नव्हतं, पण वांग्यावर मावा पडला तर राख सकाळी दवातच मारायची, खुराड्याचं दार मुंगसाच्या वाटेकडे ठेवायचं नाही, हे सगळं तिच्या बोटांवर होतं. ती सांगायची, तो करायचा.

“तुझा हात बरा हाय,” ती एकदा म्हणाली. “आमच्या मालकास्नी न्हाई जमत. त्येंना रूळ तेवढा दिसतो.”

“माणूस कसा हाय पर?” त्याने विचारलं.

तिने थोडा विचार केला. “कामाचा हाय,” ती म्हणाली.

संक्रांत होऊन गेल्यावर एक कोंबडी खुडूक बसली. तिच्याखाली नऊ अंडी ठेवून सावित्रीने ते वेताचं डालगं खोपीच्या कोपऱ्यात सरकवून घेतलं. रोज दुपारी ती तिथे उकिडवी बसायची, कोंबडीच्या पोटाखाली हात घालून ऊब बघायची. एका दुपारी मात्र तिने हात काढलाच नाही. परशुराम पाण्याची वाटी घेऊन शेजारी उभा होता.

“सुमीचं अंग असंच लागत व्हतं,” ती म्हणाली.

सुमी, सुमंगला, ही त्यांची पहिली मुलगी. पाच वर्षांची असताना आषाढात तापाने गेली. त्याला पस्तीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात हे नाव सावित्रीच्या तोंडून परशुरामने ऐकलं नव्हतं.

“कवा, वैनी?”

“पाऊस लागला व्हता. लोंढ्याच्या डॉक्टरकडं न्यायची म्हणून घोंगड्यात गुंडाळून टेसनावर नेली. घाटात दरड पडलेली. खालनं गाडीच येईना. सकाळी गेलो ते दुपार झाली.”

“फलाटावर?”

“बाकड्यावर. मालक तिकडं दरडच उपसत व्हते. रूळ मोकळा झाला की त्यांनी यायचं, आनी आमी जायचं.” कोंबडी गुरगुरली. सावित्रीने दुसऱ्या हाताने तिच्या पाठीवरून बोट फिरवलं. “पोरीला कळंना कशाला बसलोय ते. म्हणायची, बाबा ह्या गाडीनं येणार न्हवं? मी म्हटलं, व्हय. मग गप पडून ऱ्हायली. मला वाटलं झोपली. टेसन मास्तर आला, त्येनं हात लावून बघितलं.”

परशुरामने वाटी खाली ठेवली. तिसऱ्या दिवशी इंजिनावर बसून तो वर आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल. चौघांनी त्याला बाजूला घेतलं होतं. ताप आला, गेली, एवढंच सांगितलं होतं. घरात गेली असेल असंच तो आजवर धरून चालला होता. तेराव्यानंतर तो कामावर रुजू झाला.

“मालकास्नी सांगितलं न्हाई?”

“त्येंनी इचारलं न्हाई.” तिने हात बाहेर काढला, पदराला पुसला. “अंडी चांगली हायत. झाक डालगं.”

त्याने डालगं झाकलं. मग कुंपणाची एक काठी, सैल नसतानाही, उपटून पुन्हा ठोकली.

संध्याकाळी गाडीची शिट्टी झाली. त्याने पाय धुतले, शर्ट घातला, घराला वळसा घातला. फाटकाशी तो जरा थांबला. सावित्री दारातच होती.

“आलासा?”

रोज तो ‘आलो’ म्हणून लोटा हातात घ्यायचा. आज त्याने घेतला नाही.

“सावित्री, सुमी फलाटावर गेली व्हय?”

लोट्यातलं पाणी डचमळून पायरीवर सांडलं.

“कोण म्हणालं तुमास्नी?”

“गुणा.”

ती परसाच्या बाजूला बघत राहिली. तिचा चेहरा आवळला.

“तोंडाळ मेला. घरातलं भाईर बोलतोय. उद्यापासनं यायचं न्हाई म्हणून सांगा त्येला.”

“सांगतो.” तो पायरीवर बसला. “मी इचारायला पायजे व्हतं.”

तिने लोटा त्याच्या पायाजवळ ठेवला आणि ती आत गेली. शर्ट काढून खोपीत टांगायचं त्या दिवशी राहूनच गेलं. परशुराम तसाच आडवा झाला.

सकाळी जाग आली तेव्हा धुकं होतं. मागचं दार उघडून तो उंबऱ्यावर उभा राहिला. गुणाला तर काढून टाकलं होतं. आणि दिवसा या घरात तो दुसरा कोणी नव्हता. कोंबड्या आतून दाराला चोची मारत होत्या, म्हणून तो गेला, खुराडं उघडलं, मूठभर कणी पसरली. पाठीमागे बांगड्या वाजल्या. त्याने लगेच वळून पाहिलं नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहणारी सावित्री आज पुन्हा बघावी लागणार, एवढंच त्याच्या मनात आलं.

“आज डूटी न्हाई व्हय?”

तो वळला. सावित्री उंबऱ्यावर उभी होती. ती त्याच्या शर्टाकडे आणि मग तोंडाकडे बघत होती.

“न्हाई,” तो म्हणाला. “रजा हाय.”

“मग हुबं काय ऱ्हायलाय? वांग्यास्नी पाणी घाला. गड्याला काढलाय मी.”

त्याने बादली भरून आणली. दोन महिने तो हेच काम करत होता, तरी पहिल्याच झाडाशी पाणी भसकन पडलं. सावित्री खाली उतरली, त्याच्याजवळ आली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

“बुंध्यावर न्हाई. कडंनं. जरा दमानं.”

तिसऱ्या झाडापर्यंत तिने मनगट सोडलं नाही. मग वाफ्यातलं एक पिवळं पान खुडत, त्याच्याकडे न बघता ती बोलू लागली.

“सुमी बाकड्यावर माझ्या हिकडच्या अंगाला व्हती.”

परशुरामने बादली खाली ठेवली आणि तो वाफ्याच्या कडेला, ओल्या मातीवरच बसला.