मांडवाचे नऊ खड्डे

नवरात्राचा मांडव निघाला आणि कळव्यातल्या पालिकेच्या मैदानात त्याचे नऊ खड्डे तेवढे मागे राहिले. बाकीच्यांना खड्डे दिसले, पायलला गोल्फ दिसलं. दादाची जुनी हॉकी स्टिक, टेनिसचा एक चेंडू, आणि दिवाळीच्या सुट्टीत अख्खी चाळ खेळायला लागली. मंजुळाआजी छत्री उलटी धरून मुठीनं चेंडू ढकलायच्या. तो खड्ड्यात गेला की हात खांद्यापर्यंत आत घालायचं काम मात्र पायलचं.

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी मोठी मॅच ठरली होती. शनिवारी सकाळीच मांडववाले पोपटकाका फावडं आणि मुरमाची गोणी घेऊन हजर.

"काका, हे काय?"

"बुजवायला आलोय. पालिकेच्या मॅडमचा फोन आला. कुणाचा पाय मुरगळला तर माझी वरात काढतील."

"उद्या मॅच आहे आमची! सोमवारी बुजवा ना."

"तुझी मॅच होईल, माझी परमिशन जाईल. मंगळवारी इथेच तुमच्या चाळीतल्या योगिनीची हळद आहे, मांडव मलाच घालायचाय."

पहिला खड्डा बुजला. दुसराही बुजला. पायल तिसऱ्यात पाय सोडून बसली.

"ऊठ गं बाय."

"मंगळवारी परत खणणार?"

"मग काय बांबू हवेत उभे करू?"

"याच जागी?"

"छे! बुजवलेली माती भुसभुशीत, बांबू डुलतो. शेजारी नवे खणायचे."

"म्हणजे हे बुजवायचे, ते खणायचे, मग तेपण बुजवायचे?"

पोपटकाकांनी फावडं टेकवलं आणि कमरेवर हात ठेवला. "आता कंबर दुखायला लागली बघ."

पायल उठली ती थेट घरी पळाली. येताना ऑइलपेंटचा रिकामा डबा घेऊन आली. बूड गंजून गळालेलं, झाकण मात्र घट्ट. डबा तिसऱ्या खड्ड्याच्या तोंडात चपखल बसला.

"बांबू लावायचा तेव्हा झाकण काढायचं. नाहीतर बंद!"

काका झाकणावर उभे राहिले, मग हळूच उडी मारून पाहिली. डबा हलला नाही.

दुपारी पालिकेच्या मैथिली मॅडम आल्या. त्यांनीही चपलेनं झाकण दाबून पाहिलं.

"उघडा खड्डा नको, एवढंच माझं म्हणणं. पण रोज झाकणं लावणार कोण?"

"मी," पायल म्हणाली.

"आणि विसरलीस तर?"

"तर बुजवून टाका."

"चालेल. मी अचानक येऊन बघणार हं!"

संध्याकाळपर्यंत चाळीतून डबे गोळा झाले. बुजवलेल्या दोन खड्ड्यांतला ताजा मुरूम काकांनी पुटपुटत पुन्हा तळापर्यंत उपसला. रविवारी मॅच दणक्यात झाली, मंगळवारी त्याच नऊ खड्ड्यांत बांबू उभे राहिले आणि हळद लागली.

बुधवारी मांडव सोडताना काकांनी शेवटचा बांबू उपसला आणि हाक मारली, "पायल, एक मला मारू दे गं."

चेंडू सणसणत खड्ड्याच्या बाजूनं निघून गेला.

"खड्डाच वाकडा आहे," काका म्हणाले.

"खणलाय कोणी?" मंजुळाआजींनी छत्री रोखून विचारलं.

पायल हसत हसत झाकणं लावत सुटली.