इल्फाचे अठ्ठेचाळीस चौकोन

मित्रांनो, मला आता कुणी चार्जिंगला लावत नाही. मी एक जुना टॅब आहे. आइसलँडच्या पश्चिमेला, फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या, काठी वसलेल्या एका गावात, स्वयंपाकघराच्या खालच्या खणात मी पडून असतो. सोबतीला मेणबत्त्या आणि लोकरीचे विजोड मोजे. माझ्या काचेच्या कोपऱ्याला तडा आहे, पण माझं दुःख त्या तड्याचं नाही.

कुठल्याशा मोठ्या कारखान्यात मी तयार झालो, पण तिथलं काही आठवत नाही. मला आठवतं ते हुगरूनचं स्वयंपाकघर. हुगरून गावातल्या गरम पाण्याच्या तलावावर तिकिटं देते. तिचा नवरा ओत्तार मासेमारीच्या बोटीवर असतो. थोरली सोल्वेग तेव्हा नऊ वर्षांची होती आणि धाकटी इल्फा चार. इल्फाला सगळं ऐकू येई, सगळं समजे, पण ओठांतून शब्द मात्र फुटत नसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिला चित्रांतून बोलू द्या." म्हणून मी या घरात आलो.

माझ्या काचेवर अठ्ठेचाळीस चौकोन मांडले गेले, प्रत्येकात एक चित्र. चौकोनावर बोट ठेवलं की मी तो शब्द बोलायचो. आवाज सोल्वेगचा. वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून ती कपाटात, कोटांच्या मागे बसून एकेक शब्द बोलली. त्या आठवड्यात तिला सर्दी झाली होती, त्यामुळे माझा "पोहायला" हा शब्द कायमचा नाकात अडकून राहिला.

हे चित्रांचं अ‍ॅप माझ्या कंपनीच्या ऑनलाइन दुकानातूनच घ्यावं लागे. त्यासाठी कुटुंबाचं खातं हवं, आणि दुकानाची अट अशी की आई आणि मूल यांचं आडनाव एकच असावं. आता आमच्याकडे आडनाव असतं कुठे? माणूस बापाच्या नावाने ओळखला जातो. हुगरून ही एनार्सदोत्तिर, म्हणजे एनारची लेक. इल्फा ओत्तार्सदोत्तिर, ओत्तारची लेक. दुकानाने तीनदा नकार दिला. चौथ्यांदा हुगरूनने इल्फाच्या नावापुढे स्वतःचंच एनार्सदोत्तिर लावून टाकलं.

ओत्तार खो खो हसला. "म्हणजे इल्फा आता तुझ्या बापाची लेक? अगं, तुझी बहीण झाली की ती!"

"होऊ दे बहीण. दुकानाला नाती कुठे कळतात? पोरीला बोलता आलं म्हणजे झालं."

आणि पोरगी बोलू लागली, मित्रांनो! रोज सकाळी माशाच्या तेलाचा चमचा समोर आला की मी ओरडायचो, "नको. नको. नको." मग जरा थांबून, "अम्मा." अम्मा म्हणजे आजी.

"म्हणजे ते तेल मी पिऊ?" अम्मा कमरेवर हात ठेवून विचारायची. "चार वर्षं तोंडातून अवाक्षर नाही, आणि आता बघा, आजीलाच हुकूम सोडते!" पण गावभर कौतुक सांगत फिरायची तीच.

दर महिन्याला माझ्या काचेवर एक बारीक करडी ओळ उमटायची, "घरच्या संगणकावर प्रत जतन करायची का?" हुगरूनच्या एका हातात झारा असे, दुसऱ्या हातात इल्फाचा बूट. ती कोपराने "नंतर" दाबायची. मला ते मोठ्याने विचारता आलं असतं तर! पण मला बारीक अक्षरंच दिली होती.

चार वर्षं अशी गेली. मग एका वसंतात कंपनीने मुलांच्या खात्यांची तपासणी काढली. हुगरूनने सरळ मनाने इल्फाचा जन्मदाखला पाठवला. दाखल्यावर ओत्तारची लेक, खात्यावर एनारची. दुसऱ्या सकाळी इल्फाने "अजून" दाबलं, तर काचेवर नुसतं कुलूप. तिने पुन्हा दाबलं. मग उठून तिने सोल्वेगच्या तोंडाला हात लावून पाहिला. तिला वाटलं, ताईचाच आवाज गेला.

हुगरूनने कंपनीला पत्रं लिहिली. उत्तरं यंत्राची. अखेर फोनवर एक माणूस सापडला.

"तुमची अडचण आम्ही समजू शकतो, बाईसाहेब."

"समजता ना? मग उघडा."

"खात्यावरची मुलगी आणि दाखल्यावरची मुलगी वेगळी दिसते."

"अहो, या मुलीचा आवाज आहे तुमच्याकडे! तेवढा तरी परत द्या."

"खातं सुरू झालं की मिळेल."

खातं सुरू झालं नाही. तीस दिवसांनी कंपनीच्या कोठारातलं सगळं पुसलं गेलं, आणि माझ्यातलंही. सोल्वेग आता तेरा वर्षांची होती. तो नऊ वर्षांचा आवाज तिलाही परत काढता येईना.

"मी तेव्हा हसत बसलो, तुला अडवायला हवं होतं," ओत्तार म्हणाला.

"लिहिलं मीच. आणि नंतर, नंतर करत बसले तीही मीच."

इल्फा स्वतःच्या बाह्या चावू लागली. चित्रांची नवी पाटी करावी, तर कुठला शब्द कुठे होता हे कुणालाच आठवेना. चुकीच्या जागचं चित्र पाहिलं की ती ते भिरकावून द्यायची.

एका दुपारी तिने मला खणातून ओढून काढलं. मी विझलेलो, काळाठिक्कर. तिने माझ्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि दह्याच्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं. पुन्हा बोट, पुन्हा वाटी.

हुगरून ओटा पुसता पुसता थांबली. "इल्फा... इथे 'अजून' होतं का गं?"

तिने वाटी भरली. इल्फा खाऊ लागली. हुगरूनने पांढऱ्या पेनाने माझ्या काचेवर रेघा ओढून अठ्ठेचाळीस घरं आखली आणि त्या कोपऱ्यात लिहिलं, अजून. मग ती दिवसच्या दिवस नुसती इल्फाच्या बोटाकडे बघत राहिली. चमचा आला, बोट वर. अम्मा आली, बोट डावीकडे. एकेचाळीस घरं भरली. सात रिकामीच राहिली. तिथे इल्फा काय म्हणायची, ते आता मलाही सांगता येत नाही.

मग ती मांडणी कागदावर उतरली. पहिल्या दिवशी सोल्वेग मागे उभी राहून, बोट पडेल तो शब्द बोलत होती. "पोहायला" म्हणताच इल्फाने मान वळवून तिच्याकडे रागाने पाहिलं. सोल्वेगला क्षणभर कळेना. मग तिने चिमटीत नाक धरलं आणि म्हणाली, "पोहायला." इल्फा खुदकन हसली. हुगरून मात्र पाठ फिरवून उभी राहिली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांकडून खुशाल काम करून घ्या. पण ज्या घराची किल्ली तुमच्या हातात नाही, तिथे आपल्या माणसाचा आवाज एकटा ठेवू नका. आणि कुणी बारीक अक्षरांत काही विचारलं, तर हातातला झारा घडीभर खाली ठेवा.

त्या कागदाच्या तीन प्रती आहेत. एक घरी, एक अम्माकडे, एक तलावाच्या तिकीटखिडकीत. माझ्या काचेवरच्या रेघा मात्र हुगरूनने अजून पुसलेल्या नाहीत. कधीतरी ती खण उघडते आणि त्या सात रिकाम्या घरांवरून बोट फिरवते.